जमआनने पाळी विकली म्हणे

आमच्या बेटावर हदिबोच्या बाजारात मासा नासायला दुपार व्हावी लागते, बातमी मात्र सकाळीच वास मारू लागते. त्या वर्षी, विमानं-होड्या बंद पाडणारा मोसमी वारा सुटायच्या तोंडावर, जी बातमी आली ती अशी: जमआन ड्रायव्हरने डोंगरातल्या एका पोरीची काळजाच्या इलाजाची पाळी आपल्या मेव्हण्याला विकली, आणि बदल्यात गाडीला गिअरबॉक्स बसवून घेतला.

ही बातमी पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघाली ते मला विचारू नका. माझं सुक्या मुशीचं दुकान इस्पितळाच्या फाटकासमोर, चिंचेखाली. मुशीचा तो वास सोसत जो माणूस तासभर फळीवर बसून राहतो, तो मुशी घ्यायला आलेला नसतो, हे तुम्हीही ओळखाल. कोण आजारी, कोणाचं जमलं, कोणाचं मोडलं, कोणाच्या शेळ्यांच्या कानाला दुसऱ्याच्याच घराची खूण सापडली, सगळं माझ्या फळीवर येऊन पडायचं. मी फक्त चहा पुढे करायचो.

तर जमआन. उंच, वाकलेला, कानाच्या पाळ्या एवढ्या मोठ्या की वाऱ्याच्या दिवसांत उलटून जात असतील. त्याच्या गाडीचा एक दरवाजा दोरीने बांधलेला, आणि हॉर्न असा की डोंगरातल्या शेळ्या त्याला उत्तर द्यायच्या. त्या गाडीतून सिमेंट यायचं, गॅसच्या टाक्या यायच्या, नवऱ्यामुली यायच्या, एकदा तर एकाच फेरीत तिन्ही आली, आणि नवरीच्या बापाने आधी टाक्या उतरवून घेतल्या. गाडी चालवताना जमआन अखंड बोलायचा, आणि बोलताना दोन्ही हात लागायचे. पण कोणाला ‘नाही’ म्हणणं त्याला जन्मात जमलं नाही. एका माणसापुढे तर मुळीच नाही. त्याची आई, बखीता आजी.

दिक्समच्या पठाराचा रस्ता डोंगरातून उतरून गावाला मिळतो त्या वळणावर त्यांचं घर. आजीची नजर केव्हाच गेली होती, पण पावलं ओळखायची. खाली उतरणारा माणूस आजीच्या हातचं दूध प्यायल्याशिवाय पुढे गेला, असं कोणाला आठवत नाही. मग तो भावकीतला असो, नाहीतर भांडणातला. एकदा शेळीच्या कानाच्या खुणेवरून हातघाईवर आलेले दोघे चुलतभाऊ तिच्या ओट्यावर आले, तर तिने एकच वाडगा पुढे केला. “आधी हा प्या. अर्धा तू, अर्धा तू. मग बाहेर जाऊन एकमेकांची डोकी फोडा. उपाशी माणसाचं रक्त माझ्या दारात नको.” प्यायले दोघे. भांडायचं राहूनच गेलं.

बाजारात आम्ही जमआनला चिडवायचो, “काय रे, हॉर्न वाजवायलासुद्धा आईची परवानगी लागते ना?”

“लागते,” तो म्हणायचा. “आणि तुमच्या घरी कोणाची लागते ते तुमच्या बायकोला विचारून सांगतो.”

त्या वर्षी डॉक्टर रबाब आपली माणसं आणि लाकडी खोकी घेऊन विमानातून उतरली. बुटकी बाई, चाल मात्र सुभेदाराची. खोक्यांतून मशीन निघालं, पडदा निघाला, आणि गावात एकच चर्चा: पोरांच्या काळजात नळी घालतात म्हणे. मांडीच्या शिरेतून! माझ्या फळीवर एका शहाण्याने छातीठोकपणे सांगितलं की नळी एका मांडीतून आत जाते आणि दुसऱ्या मांडीतून बाहेर येते. दुसरा म्हणाला, “मग अडकली मध्येच तर?” दोघांनी त्यावर दोन पेले चहा संपवला.

डॉक्टरबाईने मात्र इस्पितळाच्या अंगणात सगळ्या आईबापांना बसवून साध्या शब्दांत सांगितलं. पोटात असताना बाळाच्या काळजाजवळ एक वाट उघडी असते. जन्मल्यावर ती आपोआप बुजते. काहींची बुजत नाही. मग रक्त नको तिकडे, फुप्फुसात जोराने घुसत राहतं. छाती न चिरता, मांडीतून बारीक नळी वर नेऊन त्या वाटेला बूच बसवायचं. आठवड्याभरात पोर शेळ्यांमागे धावेल. “पण वेळेत,” ती म्हणाली. “फार उशीर झाला तर फुप्फुसातल्या शिरा दगडासारख्या होतात. मग ती वाट मी बुजवू शकत नाही. बुजवली तर पोर दगावेल.”

अशी उघडी वाट होती दिक्समच्या थानीच्या पोरीची. नुवैरा तिचं नाव. सहा-सात वर्षांची, काडीसारखी, दहा पावलं चालली की खाली बसायची. डोंगरातल्या जाणत्यांनी तिच्या छातीवर तापल्या सळईच्या डागण्या दिल्या होत्या. त्यांचे गोल वण राहिले, धाप राहिलीच. थानी तिला खाली आणायला तयार नव्हता. जमआनने त्याचा पिच्छा पुरवला.

“अरे थानी, शेळीचा कान कापताना तुझा हात थरथरत नाही, आणि एका सुईला घाबरतोस?”

“शेळी माझ्याकडे बघत नसते,” थानी म्हणाला.

“मग तू डोळे मिट. मी बघतो.”

शेवटी थानी तयार झाला तो जमआनच्या शब्दावर. डॉक्टरवर त्याचा तेव्हाही विश्वास नव्हता. नुवैराची पाळी डॉक्टरबाईच्या कामाच्या शेवटच्या दिवशी सकाळी लागली, आणि आदल्या संध्याकाळी बापलेक जमआनच्या घरी उतरले. दुसरीकडे उतरणार तरी कुठे?

नर्सने जमआनला दोनदा बजावलं होतं. उद्याचा सूर्य उगवायच्या खूप आधीपासून पोरीच्या पोटात काही जाता कामा नये. भाकरी नाही, खजूर नाही, दूध तर नाहीच. गुंगीत पोट उलटलं तर दूध छातीत उतरेल. “घरातल्या सगळ्यांना सांगा,” नर्स म्हणाली. “सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना.”

घरी येऊन जमआनने बायकोला सांगितलं. फतूमने खजुराचा डबा कुलपात घातला, भाकऱ्या वर शिंक्यात टांगल्या. मग दोघं चुलीपाशी एकमेकांकडे बघत उभी राहिली.

“आईंना तुम्ही सांगा,” फतूम म्हणाली.

“तू सांग. तू सून आहेस.”

“मी? ‘दारात आलेल्या लेकराला काही देऊ नका’ असं मी आईंना सांगू? मला माहेरी जायचं नाही अजून.”

“मग मी काय सांगू?”

“जे नर्सने सांगितलं तेच.”

जमआनने डोकं खाजवलं. आपल्याकडे पाहुण्याला ‘खाऊ नको’ म्हणायला शब्दच नाही, आणि बखीता आजीच्या घरात तर तो विचारही नाही. “तिला जाग येईपर्यंत आम्ही निघून गेलेलो असू,” तो म्हणाला. फतूमलाही ते पटलं. पटण्यासारखंच होतं ना, कोणालाही पटलं असतं.

पहाटे थानी आणि जमआन नमाजाला गेले. फतूम शेळ्यांकडे होती. पोर ओट्याच्या पायरीवर बसली होती.

मग सूर्य वर आला तेव्हा जमआनची गाडी इस्पितळाच्या फाटकाशी थांबली. मी दुकानाची फळी मांडत होतो. थानी खाली उतरला, कंबरेचा कपडा सारखा करत आत गेला. जमआनने पोरीला उचलून उतरवलं, उन्हात उभं केलं, आणि तसाच थांबला. मग डोक्याच्या रुमालाचं टोक घेऊन त्याने तिचं तोंड पुसलं. दोनदा पुसलं. मला वाटलं, किती ही माया! एवढी तर आपल्या पोरांवर केली नसेल.

पुढचं सगळ्या अंगणाने पाहिलं. जमआन थानीला अंगणात बसवून एकटा आत गेला. दाराशी डॉक्टर रबाबशी कुजबुजला. बाईने कपाळावर हात मारला. थोड्या वेळाने नर्स बाहेर आली, नुवैराच्या मनगटाची चिठ्ठी सोडली आणि घाईघाईत म्हणाली, “हिचं आत्ता नाही.” आणि नाव पुकारलं ते केबानीच्या पोराचं. केबानी म्हणजे फतूमचा भाऊ, जमआनचा सख्खा मेव्हणा. शेवटच्या दिवशी दुसरं कोणी रिकाम्या पोटी तयारच नव्हतं, त्याला कोण काय करणार? पण अंगणाला हिशेब जुळवायला एवढं पुरतं.

“बघितलंस? मेव्हण्याचं पोर आत, डोंगरातलं बाहेर.”

“आणि केबानीच्या आवारात ती मोडकी गाडी पडलीय ना? तिचा गिअरबॉक्स परवाच निघाला.”

“कोणाकडे गेला?”

“आता कोणाकडे जाणार, बाबा! दोरीच्या दरवाजाकडे!”

थानी भिंतीला टेकून सगळं ऐकत होता. डोंगरातला माणूस वाद घालत नाही. त्याने पोरीला खांद्यावर घेतलं आणि वर निघालेल्या गॅसच्या टाक्यांच्या ट्रकवर चढला.

जमआन मागच्या दाराने बाहेर आला होता आणि पाण्याच्या टाकीमागे बराच वेळ उकिडवा बसून होता. डोक्याला हात लावून. अंगणातल्या मंडळींनी त्याचाही अर्थ लावला, चोराच्या मनात चांदणं. तो पुढे आला तेव्हा थानी नव्हता. जमआनने काही न बोलता गाडी वळवली आणि ट्रकच्या मागे सोडली. त्या दिवशी त्याचा हॉर्न वाजला नाही.

पठाराच्या चढावर त्याने ट्रक गाठला. वारा त्याच दिवशी सुटला होता, रस्त्यावर धूळ उभी राहिली होती. थानी खाली उतरला, पण भेटीच्या रिवाजाप्रमाणे नाकाला नाक लावायला पुढे झाला नाही. माणसं वैऱ्यालाही एवढं करतात.

“थानी, परत चल,” जमआन म्हणाला. “डॉक्टरबाई उद्या पहाटे करते म्हणाली. विमानाच्या आधी. तिने शब्द दिलाय.”

“आज का नाही केलं?”

जमआन दरवाजाची दोरी आवळू लागला.

“साधी गोष्ट विचारतोय. माझी पोर आत जायची होती, केबानीचं पोर आत गेलं. का?”

“उद्या करणार आहे ना, थानी. तू फक्त चल.”

“का, ते सांग.”

“तिची... तिची तयारी नव्हती.”

“तयारी तुझ्या घरी झाली. तुझ्या शब्दावर मी तिला खाली आणलं. आता उद्या पहाटे कोणाचं पोर आत पाठवणार आहेस? गाडीला अजून काय काय बसवायचंय?”

ट्रकवाल्याने भोंगा दिला. नुवैरा टाक्यांच्या मधून जमआनकडे बघत होती. तिने हात हलवला म्हणतात. तिला काय माहीत? घरोघरी जे मिळेल ते गपचूप प्यावं आणि त्याबद्दल बाहेर बोलू नये, हे आपल्या लेकरांना चालायला लागायच्या आधी कळतं.

जमआनच्या ओठावर एक वाक्य होतं. ते बोलला असता तर थानी गाडीत बसला असता. तो बोलला नाही. ट्रक वर गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे डॉक्टरबाई मशीन मांडून बसली होती. कोणी आलं नाही. विमान उडालं, आणि त्यानंतर वाऱ्याने बेट बंद करून टाकलं, नेहमीसारखं.

“वारा गेला की पहिली पाळी तिचीच,” असं बाई सांगून गेली होती. पण तो वारा गेला तेव्हा विमानंच येईनाशी झाली. मुख्य भूमीवर लढाई, तेल नाही, परवाने नाहीत. दुसरा वारा आला नि गेला, तिसराही गेला. केबानीचं पोर आता बाजारात चेंडू लाथाडायचं आणि माझी वाळत घातलेली मुशी पाडायचं. मी ओरडायचो, “काळजाला बूच बसवलं, पायाला कोणी बसवणार आहे का?” पोर हसत पळायचं. आणि फळीवरचा कोणीतरी हमखास म्हणायचा, “बघा, जमआनची कमाई कशी धावतेय.”

जमआन हे ऐकायचा. पूर्वीसारखं उलट बोलायचा नाही. गिअरबॉक्स केबानीने त्याला तीन महिने आधीच देऊ केला होता, हे फतूम ज्याला त्याला सांगून थकली. पण खरी गोष्ट बेचव असते, तिला मीठ कोण लावणार?

घरी त्याच्या मागे वेगळंच लागलं होतं. बखीता आजी कधीही विचारायची, “अरे जमआन, ती धापा टाकणारी पोर कशी आहे रे? पायरीवर बसली होती ती. बिचारी उपाशी होती.”

“बरी आहे, आई.”

“चालते का?”

“धावते. शेळ्यांमागे.”

“देवाची कृपा. मी तेव्हाच म्हटलं होतं, पोटात ऊब पडली की माणूस बरा होतो.”

फतूम चुलीपाशी तोंड फिरवून बसायची.

डॉक्टर रबाब पुन्हा आली तेव्हा तिचे केस पांढरे झाले होते. उतरल्या उतरल्या तिने थानीच्या पोरीला बोलावणं धाडलं. थानी घेऊन आला, दुसऱ्याच्या गाडीतून. नुवैरा आता उंच झाली होती. बाईने तिच्या छातीवर मशीन फिरवलं, मग तिचे हात हातात घेतले, नखं पाहिली. गुलाबी होती. मग चपला काढायला लावल्या. पायाची नखं जांभळाच्या रंगाची. बाई त्या पायांकडे नुसती बघत राहिली. नर्सने मला नंतर सांगितलं, बाई खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “शिरा दगड झाल्या. आता ती वाट उघडी आहे म्हणूनच ही जगतेय. बुजवता येणार नाही.” गोळ्या दिल्या. जड उचलू नको, उंच चढू नको. दिक्समच्या पोरीला चढू नको म्हणून सांगायचं.

पोर जगतेय. एका दगडावर बसून शेळ्या राखते. उठत नाही. चुकार शेळीच्या पुढ्यात असा नेमका खडा टाकते की ती आपण होऊन वळते. अख्ख्या पठारावर तिच्यासारखा नेम कोणाचा नाही. बापाला त्याचा अभिमान आहे. तो सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याला खाली बघावं लागतं.

मागल्या थंडीत बखीता आजी गेली. झोपेतच गेली. मातीला अर्धं बेट आलं, कारण अर्ध्या बेटाने तिच्या हातचं दूध प्यायलं होतं. तिसऱ्या दिवशी समाचाराला थानी आला. जमआनच्या दारात पाऊल टाकणार नाही म्हणणारा थानी. पण आजीच्या हातचं दूध त्यानेही प्यायलं होतं, यावंच लागलं. आम्ही चटईवर भिंतीला टेकून बसलो होतो. खजूर फिरत होते. जमआन थानीच्या समोर जाऊन बसला आणि सगळ्यांदेखत म्हणाला,

“त्या पहाटे आईने तुझ्या पोरीला दूध पाजलं. मी आईला सांगितलंच नव्हतं. इस्पितळाच्या दाराशी पोरीच्या ओठावर पांढरी रेघ दिसली. मी पुसली, आणि आत जाऊन डॉक्टरला सांगितलं. नसतं सांगितलं तर पोर टेबलावरच गेली असती.”

मी खजुराची बी तोंडात धरून बसलो, थुंकायची सोय राहिली नाही.

“मग हे त्या चढावर का नाही बोललास?” थानीने विचारलं.

“आईचं नाव घ्यावं लागलं असतं. तिच्या दुधाने पाहुण्याच्या लेकराचं वाटोळं झालं, हे तिच्या कानावर गेलं असतं. ती जगली नसती, थानी.”

थानीने चटईची एक काडी उपटली.

“तुझ्या आईला मी एक शब्द बोललो नसतो,” तो म्हणाला. “दूध पाजणाऱ्या बाईला कोण बोलेल? तुला चार शिव्या दिल्या असत्या आणि गाडीत बसलो असतो. दुसऱ्या दिवशी पहाटे पोर टेबलावर असती.”

“हो.”

“एवढंच होतं?”

“एवढंच होतं.”

थानी उठला. जाताना त्याने जमआनच्या नाकाला नाक लावलं, कारण मृताच्या घरून तसं न करता निघत नाहीत. मग तो गेला. पुन्हा आला नाही.

बाजारात अजूनही नवा कोणी माझ्या फळीवर बसला की विचारतो, पाळी विकली ते खरं का? खरं असं: जमआनने पाळी विकली नाही. पोरीने त्याच्या घरी दूध प्यायलं होतं म्हणून त्या दिवशीची पाळी चुकली. दुसऱ्या दिवशीची पाळी चुकली ती तो बोलला नाही म्हणून.